हान्नेस हाफ्स्टेन : आइसलँडचे पहिले मंत्री

आइसलँड म्हटले की बर्फ आणि ज्वालामुखी एवढेच आपल्याला आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम ८० हजार वस्ती असलेल्या या बेटाने शस्त्र न उचलता डेन्मार्ककडून आपला कारभार परत मिळवला. मला ही हकिकत त्याहून मोलाची वाटते, आणि तिच्यातील एका कर्त्या पुरुषाची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

हान्नेस हाफ्स्टेन यांचा जन्म १८६१ साली उत्तर आइसलँडमध्ये झाला. वडील मोठे सरकारी अधिकारी. कायद्याच्या शिक्षणासाठी हान्नेस कोपनहेगनला गेले. तेथे १८८२ मध्ये त्यांनी तिघा मित्रांसह वाङ्मयातील वास्तववादाचा पुरस्कार करणारे एक नियतकालिक काढले. कवी म्हणून त्यांचे नाव झाले ते राजकारणात येण्यापूर्वीच.

पुढे ते ईसाफ्योर्दुर येथे जिल्हाधिकारी झाले. १८९९ साली एक ब्रिटिश जहाज बंदी असलेल्या किनारी पाण्यात मासेमारी करताना आढळले. त्याला अडविण्यासाठी हाफ्स्टेन स्वतः लहानशा होडीतून निघाले. जहाजावरच्या लोकांनी होडी बुडविली. तीन सोबती दगावले, हाफ्स्टेन मात्र थोडक्यात वाचले.

तोवर आइसलँडचा कारभार कोपनहेगनमध्ये बसणारा डॅनिश मंत्री पाही. १ फेब्रुवारी १९०४ रोजी ही पद्धत संपली. मंत्री आइसलँडचा, राजधानी रेक्याविकमध्ये राहणारा आणि तेथील संसदेला जबाबदार असा झाला. त्या पदाचा पहिला मान हाफ्स्टेन यांना मिळाला.

त्यांनी समुद्राखालून तारायंत्राची केबल आणण्याचा करार केला. विरोधकांना बिनतारी यंत्रणा हवी होती. १९०५ च्या उन्हाळ्यात, ऐन गवतकापणीच्या दिवसांत, शेतकरी राजधानीत निषेधासाठी जमले. हाफ्स्टेन डगमगले नाहीत. १९०६ साली तार सुरू झाली आणि युरोपची बातमी बोटीची वाट न पाहता येऊ लागली. १९०७ मध्ये मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला.

१९०८ साली मात्र त्यांची खरी कसोटी लागली. डेन्मार्कशी असलेल्या संबंधांबाबत दोन्ही देशांच्या समितीने एक मसुदा तयार केला. त्यात अधिकार वाढत होते. पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण डेन्मार्ककडेच राहणार होते. मिळते ते घ्यावे आणि पुढे जावे, असे हाफ्स्टेन यांचे मत होते. मतदारांना ते पटले नाही. निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला आणि १९०९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

पद गेले तरी त्यांचे काम थांबले नाही. स्त्रियांना शिक्षण, शिष्यवृत्त्या व सरकारी नोकऱ्यांत समान हक्क देणारे विधेयक त्यांनीच मांडले आणि १९११ मध्ये ते मंजूर झाले. १९१२ ते १९१४ या काळात ते पुन्हा मंत्री होते. याच काळात, १९१३ साली, पत्नीचा वियोग झाला. नंतर प्रकृतीही ढासळली.

१ डिसेंबर १९१८ रोजी आइसलँड सार्वभौम राष्ट्र झाले. डेन्मार्कशी नाते उरले ते मुख्यतः समान राजापुरते. १९०८ च्या मसुद्याहून हे पुष्कळ अधिक होते. म्हणजे तो मसुदा नाकारणारे मतदार चुकले नव्हते, असेच म्हणावे लागेल. पण म्हणून हाफ्स्टेन यांना कचखाऊ ठरविणे मला अन्यायाचे वाटते. अधिक मागण्याचे बळ त्या मतदारांना आले, त्यामागे स्वतःच्या मंत्र्याने चालविलेल्या पाच वर्षांच्या कारभाराचा अनुभव होता.

१९२२ मध्ये हाफ्स्टेन वारले. रेक्याविकमध्ये शासनाच्या कचेरीसमोर आज त्यांचा पुतळा उभा आहे. ज्यांना जनतेने एकदा घरी बसविले, त्यांनाच तिने हा मान दिला, हे आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.