आडनावाचा ब्रँड : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मित्रांनो, ब्रँड हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा तरी ऐकतो. बूट ब्रँडेड, जीन्स ब्रँडेड, आणि हल्ली तर माणूससुद्धा ब्रँड! प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की होस्टेलमध्ये सीनिअर्सचा एकच सल्ला असतो, स्वतःचं ब्रँडिंग करा. मग आपण काय करतो? एक छानसा फोटो, रिझ्युमेमध्ये चार जड शब्द, आणि जमलंच तर एखादा लोगो... झालं ब्रँडिंग! पण ब्रँड खरंच असा तयार होतो का?

हा प्रश्न आमच्या पोंभुर्ण्याकडच्या मुलांना जरा जास्तच लागू पडतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या या जंगलपट्ट्यात काय नाही? बांबू आहे, मोह आहे, तेंदूपत्ता आहे, बांधीत धान आहे. पण बांबू इथून ट्रक भरून जातो आणि कागद होऊन दुसऱ्याच नावाने परत येतो. तेंदूपत्ता इथला, पण विडीच्या बंडलवरचं नाव भलतंच. माल आपला, नाव परक्याचं! सव्वाशे वर्षांपूर्वी तर अख्ख्या देशाचीच ही गत होती. यंत्र म्हटलं की ते विलायती, आणि देशी म्हटलं की ते कच्चं, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. अशा काळात एका मराठी माणसाने लोखंडी नांगर बनवला आणि त्याला सरळ आपलं आडनाव दिलं. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या-पुराणांचं वातावरण, आणि हा मुलगा मात्र चित्रात आणि यंत्रात रमणारा. पुस्तकी अभ्यासात त्याचं मन लागेना. वडिलांना हे काही पसंत नव्हतं. पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, पैशाची सोय केली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

चित्रकार व्हायचं स्वप्न होतं, आणि तिथेच पहिला फटका बसला. लक्ष्मणरावांना काही रंगछटांमधला फरक ओळखू येत नव्हता! रंगांधळेपणा हा काही मेहनतीने बरा होणारा दोष नाही. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर करायचं काय? दुसरा कुणी असता तर बिछाना गुंडाळून गावी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग पक्कं केलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये ते हा विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमधली यंत्रंही त्यांनी हात काळे करून समजून घेतली. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, हे आपण डिग्रीवाल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. ही वस्तू तेव्हा इतकी नवी होती की चालवणाऱ्याकडे लोक वळून वळून बघत. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावला सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात ही अशी झाली. नुसती वस्तू गळ्यात मारून मोकळं व्हायचं नाही, ती वापरता येईपर्यंत गिऱ्हाइकाबरोबर राहायचं, ही सवय त्या दुकानात लागली.

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आता सायकली विकण्यापेक्षा स्वतः काहीतरी बनवायचं होतं. सुरुवात झाली कडबा कापायच्या यंत्रापासून, आणि मग आला लोखंडी नांगर.

इथे जरा थांबून त्या काळचा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. त्याचा नांगर लाकडी. गावचा सुतार तो घडवणार, मोडला तर तोच दुरुस्त करणार. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. लोखंडाचा अख्खा नांगर जमिनीत घातला तर लोखंडाचं विष मातीत उतरेल आणि पीक येणार नाही, अशी समजूत होती. आज आपल्याला हसू येतं. पण ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर आहे, त्याने जमिनीच्या बाबतीत धोका का पत्करावा? त्याची भीती वेडगळ असेल, पण तिच्यामागचं कारण वेडगळ नव्हतं.

बरं, नुसती भीतीच आडवी होती असं नाही. समोर स्पर्धेला विलायती नांगर होते. नांगराच्या फाळाची गंमत इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच कळेल. फाळ मऊ असेल तर झिजतो, फार कडक असेल तर दगडाला लागून तुटतो. इंग्लंडमध्ये रॅन्सम नावाच्या ओतकाम करणाऱ्याने १८०३ मध्येच यावर उपाय काढला होता. ओतीव लोखंडाच्या फाळाची खालची बाजू झटकन थंड करायची. ती बाजू कडक होते, वरची त्या मानाने मऊ राहते. वापरताना वरची बाजू आधी झिजते आणि खालची धार आपोआप टिकते. म्हणजे विलायती नांगरामागे शंभर वर्षांचा अनुभव होता, आणि लक्ष्मणरावांकडे बेळगावातली एक छोटीशी शेड!

असं सांगतात की पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याला सबमिशनची तारीख दोन दिवस पुढे गेली तरी धीर धरवत नाही. या दोन वर्षांत नांगरावर विलायती वाटेल असं एखादं नाव घालून तो खपवता आला असता. लोकांचा विश्वास विलायतेवरच होता ना! पण लक्ष्मणरावांनी आडनाव बदललं नाही, नांगर सुधारत नेला. शेतात प्रत्यक्ष चालला की नांगर आपोआप बोलतो. एका शेतकऱ्याच्या रानात पीक नेहमीसारखं आलं, नांगरट खोल झाली, की शेजारचा शेतकरी चौकशीला येतो. गावाकडे जाहिरात अशीच होते, आणि त्यात खोटेपणाला जागा नसते, कारण शेत सगळ्यांना दिसतं.

धंदा जरा रुळावर येतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवायचा, पण कुठे? तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधला एका बांधकामाचं काम दिलं होतं आणि या माणसाची कामाची पद्धत पाहिली होती. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. जमीन म्हणजे काय, निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या कामगारांची कुटुंबं घेऊन तिथे राहायला गेले, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं. सांगली जिल्ह्यातलं हे स्टेशन आजही त्याच नावाने आहे.

मला वाटतं, किर्लोस्कर हे नाव खऱ्या अर्थाने घडलं ते इथे. भाऊ रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शाळा फारशी न शिकलेल्या पण यंत्रात डोकं चालणाऱ्या माणसांवर लक्ष्मणरावांनी मोठी कामं सोपवली. तुरुंगवास भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं! वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम केला. ज्या काळात गावागावांत पाणवठे वेगळे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. बाहेर गिऱ्हाइकाला एक सांगायचं आणि आत कामगाराशी दुसरं वागायचं, असा दुहेरी हिशेब तिथे नव्हता.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायती माल येणं थांबलं, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा, रंग काहीच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. लढाईच्या तोफांचे शेतीचे नांगर झाले! टंचाईत हलका माल काढून पैसा करता आला असता. पण मग युद्ध संपल्यावर विलायती नांगर परत आले तेव्हा किर्लोस्कर टिकले असते का?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक सुरू केलं. कारखान्याची माहिती देणं हा मूळ उद्देश. पण नुसती स्वतःची टिमकी कोण वाचणार? पत्रक हळूहळू लोकांच्या उपयोगाचं होत गेलं आणि त्यातूनच किर्लोस्कर हे मासिक घडलं. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर सुरू झालं. ज्यांनी आयुष्यात कधी नांगर धरला नाही अशा घरांतही हे नाव पोचलं. आज याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. वाडीने ते शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, आणि तेही वाचकाला काहीतरी देऊन.

नांगराबरोबर उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, १९२६ मध्ये पंप आला. त्याच वर्षी मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर झाले. पुढे हरिहर, पुणे, बंगळूर असा पसारा वाढला. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने पोस्टाचं तिकीट काढलं.

अलीकडच्या वर्षांत हे नाव कोणी कसं वापरायचं यावरून किर्लोस्कर घराण्यातच कोर्टात वाद गेले आहेत. वाईट वाटतं, पण त्यातून एक गोष्ट कळते. जे आडनाव घेऊन एका नांगराला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्याच आडनावाची किंमत आज कोर्टात मोजली जाते!

मित्रांनो, लक्ष्मणरावांना राजाश्रय मिळाला, भाऊ चांगला मिळाला, हे खरंच आहे. पण राजाने पैसे दिले ते काम पाहून, आणि शेतकऱ्याने दिले ते नांगर पाहून. वस्तूला आपलं नाव द्यायचं म्हणजे उद्या ती मोडली तर लोक आपल्याच दारात येणार, हे कबूल करणं. ज्याला हे कबूल आहे त्याचा ब्रँड खरा, बाकी सगळा रंग. आणि रंगाचं तर लक्ष्मणरावांना पहिल्यापासूनच वावडं होतं!

आमच्या पट्ट्यातला बांबू, मोह, धान कुणाच्या तरी नावाची वाट बघत आहे. आपल्यापैकी कुणी शिकून परत येईल, त्यातून एक चांगली वस्तू बनवेल आणि तिला बिनधास्त आपलं किंवा आपल्या गावाचं नाव देईल का? पोंभुर्णा हे नाव उच्चारायला अवघड आहे म्हणता? किर्लोस्कर तरी कुठे सोपं होतं!

— यंत्र अभियांत्रिकी, तृतीय वर्ष