हिशेब तपासनीस रामन
चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली कलकत्त्यात वित्त खात्याचे अधिकारी म्हणून रुजू झाले. दिवसा सरकारी हिशेब तपासून सायंकाळी ते महेंद्रलाल सरकार यांनी देणग्यांतून उभारलेल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. १९१७ मध्ये कमी वेतनाचे प्राध्यापकपद त्यांनी पत्करले. फेब्रुवारी १९२८ मध्ये कृष्णन यांच्या साथीने त्यांना आढळले, की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पांश रंग बदलतो आणि त्या बदलातून पदार्थातील रेणू ओळखता येतात. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज औषधाची गोळी न फोडता तिच्यातील घटक याच तत्त्वाने तपासले जातात. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला वाटते, अनुदान किती याइतकाच प्रयोगशाळेचा दरवाजा कोणाला उघडा, हाही धोरणाचा प्रश्न आहे. रामन यांच्याकडे तेव्हा विज्ञानाचे कोणतेही पद नव्हते. तरीही तो त्यांच्यासाठी उघडला गेला.