अँड गेटचे आजोबा : ब्रुनो रोसी

सेकंड इयरला डिजिटलच्या प्रॅक्टिकलमध्ये ७४०८ आयसी ब्रेडबोर्डवर लावली, दोन्ही स्विच ऑन केले, एलईडी पेटला, जर्नलवर सही घेतली आणि थेट मेस गाठली. या गेटमागे कुणाचं आयुष्य असेल हे डोक्यातही आलं नाही. पुढे सेमिनारला 'अंतराळातील गॅमा डिटेक्टरचे ट्रिगर सर्किट' हा विषय गळ्यात पडला आणि ब्रुनो रोसी भेटले.

रोसींचा जन्म १९०५ सालचा, व्हेनिसचा. वडील इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतले! शिकून ते फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवर नोकरीला लागले. विश्वकिरणांचा कण एकावर एक ठेवलेल्या गायगर काउंटरमधून जातो, तेव्हा सगळे एकदमच वाजतात. पण हे 'एकदम' ओळखायचं कसं? १९३० साली, पंचविशीतल्या या पोराने तीन ट्रायोड घेतले आणि तिघांच्या अॅनोडला एकच सामाईक रेझिस्टर जोडला. एक ट्रायोड बंद पडला तरी बाकीचे करंट ओढत राहतात, व्होल्टेज फारसं हलत नाही. तिन्ही एकाच क्षणी बंद झाले तरच ते उसळी मारतं. झालं अँड गेट! आयसी सोडा, तेव्हा ट्रान्झिस्टरसुद्धा नव्हता मित्रांनो.

१९३२ साली ते पादुआला प्रोफेसर झाले. तिथे भौतिकशास्त्राची नवी इमारत उभी राहायची होती. त्या कामात त्यांनी स्वतःची काही वर्षं घातली. १९३७ साली इमारत पूर्ण झाली आणि १९३८ साली मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना तिथूनच काढून टाकलं. नुकतंच लग्न झालेलं. पत्नी नोरासह देश सोडला. कोपनहेगन, मँचेस्टर, मग अमेरिका. युद्धात लॉस अलामॉस, १९४६ पासून एमआयटी.

एमआयटीतच त्यांच्या गटातल्या क्राउशार आणि क्लार्क यांनी एक्सप्लोरर-११ चा डिटेक्टर बनवला. २७ एप्रिल १९६१ ला तो अवकाशात गेला. अंतराळात विद्युतभारित कणांचा नुसता पाऊस असतो, त्यात गॅमा किरण कसा निवडायचा? बाहेरून प्लास्टिक सिंटिलेटरचं कवच. भारित कण आला की कवच चमकतं, सर्किट म्हणतं, सोडून द्या. गॅमाला भार नाही, तो गुपचूप आत शिरतो, आतल्या स्फटिकात त्याचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात. आतले दोन्ही डिटेक्टर वाजले आणि कवच गप्प राहिलं, तरच नोंद. अँड आणि नॉट, बस्स! एवढ्या खटाटोपात सापडले किती, तर २२ गॅमा किरण. २००८ साली गेलेल्या फर्मी दुर्बिणीवरही हेच कवच आहे, फक्त ८९ फरशांचं.

या कोइन्सिडन्स पद्धतीसाठी १९५४ चं नोबेल बोथे यांना मिळालं. पद्धत मुळात त्यांचीच, कबूल. पण रोसींना ते कधीच मिळालं नाही, हे मला खटकतं.

१९९३ साली ते केंब्रिजला, अमेरिकेत वारले. अस्थी मात्र फ्लॉरेन्सला नेल्या. सान मिनिआतो चर्चच्या आवारात त्या आहेत. तिथून आर्चेत्रीची टेकडी दिसते.