ऑपरेशननंतर पाच आठवड्यांत ऑलिम्पिक जिंकणारा अबेबे बिकिला पुढच्या ऑलिम्पिकमध्ये अर्ध्यातूनच का थांबला?

1964 सालचं टोकियो ऑलिम्पिक. इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं मॅरेथॉन जिंकली आणि दमून आडवं पडण्याऐवजी मैदानातच व्यायाम सुरू केला. दुसरा धावपटू चार मिनिटांनी पोहोचला. पाचच आठवड्यांपूर्वी बिकिलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं.

1932 साली जाटो नावाच्या खेड्यात जन्मलेला बिकिला सम्राट हेले सेलासी यांच्या शाही अंगरक्षक दलात शिपाई होता. स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी त्याला घडवलं. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये नवे बूट टोचत होते, म्हणून गडी अनवाणीच धावला. 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. टोकियोत तर वेळ आणखी कमी, 2 तास 12 मिनिटं. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच धावपटू.

पण धावपटू जो किस्सा फारसा सांगत नाहीत, तो यानंतरचा आहे.

1967 साली स्पेनमधल्या शर्यतीत त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. त्यानंतर पायाच्या तक्रारी सुरूच राहिल्या. 1968 मध्ये मेक्सिको सिटीत तो तिसऱ्या सुवर्णासाठी उतरला खरा, पण 16-17 किलोमीटरवर दुखऱ्या पायामुळे त्याला शर्यत सोडावी लागली. सुवर्ण मिळालं त्याच्याच संघातल्या मामो वोल्डेला.

मग ऑपरेशननंतर जिंकणारा माणूस पायाच्या दुखण्यापुढे का हरला?

कारण पोटाची जखम भरली की भरली. पायाचं तसं नसतं. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्याच दुखऱ्या जागेवर येतो. तिथं जिद्द कामाला येत नाही.

म्हणूनच दुखणं नेमकं कुठलं, हे आधी ओळखावं लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावर किंवा उतारावर दुखत असेल, तर आयटी बँड सिंड्रोमची शक्यता असते. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या जाड पट्टीमुळे हा त्रास होतो. बिकिलाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1975 मध्ये, अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या तरुणांमध्ये या दुखण्याची सविस्तर नोंद झाली. यावर उपाय म्हणजे धावणं कमी करणं, कमरेचे आणि नितंबांचे स्नायू मजबूत करणं आणि मग हळूहळू अंतर वाढवणं.

पण हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, बसल्या जागीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. अशा वेळी धावणं बंद करून थेट डॉक्टर गाठायचा.

मेक्सिकोनंतर पाच महिन्यांनी, मार्च 1969 मध्ये बिकिलाच्या गाडीला अपघात झाला आणि तो पुन्हा चालू शकला नाही. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलमध्ये उपचार घेताना त्यानं धनुष्यबाण हाती घेतला आणि 1970 मध्ये तिथल्याच व्हीलचेअर स्पर्धेत उतरला. 25 ऑक्टोबर 1973 ला, अवघ्या 41 व्या वर्षी तो गेला. अदिस अबाबातल्या त्याच्या अंत्यविधीला हजारोंची गर्दी होती आणि त्या गर्दीत सम्राटही होते.