शाहू महाराज: माणगाव परिषदेला थेट शिकारीवरून आलेला राजा

मार्च 1920. कोल्हापूर संस्थानातल्या माणगाव या छोट्याशा गावात अस्पृश्य समाजाची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा त्यांचं वय होतं 28. याच परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांची ओळख अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून जाहीरपणे करून दिली. हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात इतका महत्त्वाचा आहे की दरवर्षी 26 जूनला, शाहू जयंतीला, त्याच्या पोस्ट तुमच्या टाइमलाइनवर येतातच.

त्या पोस्टमध्ये एक तपशील मात्र सहसा नसतो. महाराज त्या दिवशी राजवाड्यातून निघून आले नव्हते. ते शिकारीवर होते आणि आंबेडकरांचं भाषण ऐकायला मिळावं म्हणून शिकार सोडून मुद्दाम माणगावला आले. तसं त्यांनी भर सभेत सांगितलंही.

आरक्षण देणारा राजा, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणारा राजा, वसतिगृहं काढणारा राजा हे शाहू आपल्याला पाठ आहेत. शिकारी शाहू तेवढे ठाऊक नाहीत. वन्यजीवांबद्दल आज आपण जसा विचार करतो, त्यात हा भाग थोडा अडचणीचाच वाटतो. पण तो वगळला तर महाराज रानातल्या माणसांना इतके ओळखत कसे होते, हे कोडं सुटत नाही. आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घावही समजत नाही.

कागलचा यशवंत

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. आई राधाबाई ते तीन वर्षांचे असतानाच गेल्या. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या राजघराण्यात ते दत्तक गेले आणि शाहू झाले. दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव आबासाहेबही वारले. बारा वर्षांचं वयही पूर्ण झालं नव्हतं. आई नाही, वडील नाहीत आणि डोक्यावर संस्थान.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडलं आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली ठेवलं. राजकोटला भावनगरचे भावसिंहजी त्यांच्यासोबत होते. ही मैत्री आयुष्यभर टिकली. त्या काळच्या राजपुत्रांच्या शिक्षणात घोडेस्वारी, बंदूक आणि भाला हे इंग्रजी-गणिताइतकेच महत्त्वाचे विषय होते. धिप्पाड अंगाच्या, कुस्तीचं वेड असलेल्या शाहूंना यातलं मैदानावरचं सगळंच आवडलं. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांच्या हातात कारभार आला, तेव्हा ते विशीत होते आणि पक्के शिकारी झाले होते.

एक संस्थान, दोन रानं

कोल्हापूरचा नकाशा समोर ठेवला तर शिकारीचं गणित लगेच कळतं. पश्चिमेला सह्याद्री. राधानगरी, दाजीपूर, भुदरगडचा दाट जंगलाचा पट्टा. इथे गवे, वाघ, बिबटे, अस्वलं. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडचा सपाट मुलूख, तेव्हा बराचसा माळरानाचा. इथे काळवीट आणि रानडुकरं.

सुगी संपून शेतं मोकळी झाली, गवत वाळलं की पूर्वेकडच्या शिकारीचे दिवस यायचे. जनावर लांबून दिसतं, घोडा दौडवायला जागा मिळते. माणगाव परिषद भरली ते दिवस नेमके हेच.

या माळांवरची सगळ्यात देखणी आणि आज अविश्वसनीय वाटणारी शिकार म्हणजे चित्त्याची. म्हणजे चित्त्याला मारण्याची नाही, चित्त्याकडून करवून घेण्याची.

पाळलेला चित्ता डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीत बसवला जायचा. बैलगाडीच का? तर काळविटांना शेतातल्या गाड्या रोजच्याच ओळखीच्या. त्यांना त्यांची भीती वाटत नसे. गाडी कळपाच्या दिशेने सरळ न नेता तिरकी, गोल वळण घेत न्यायची. पुरेसं जवळ आलं की टोपी काढायची, नर काळवीट दाखवायचा आणि सोडून द्यायचं. पुढचा खेळ काही सेकंदांचा. चित्ता जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी खरा, पण दम फार थोडा. काहीशे मीटरमध्ये काळवीट हाती लागला तर लागला, नाही तर चित्ता चक्क थांबतो आणि बसून राहतो. मग चित्तेवानाने धावत जायचं, शिकारीतला वाटा देऊन त्याला शांत करायचं आणि पुन्हा टोपी चढवायची.

चित्तेवान हा कोल्हापुरातला स्वतंत्र पेशाच होता. बंदिवासात चित्ते सहसा वीत नाहीत आणि पिल्लापासून माणसाने वाढवलेल्या चित्त्याला शिकार येत नाही, ती आईच शिकवते. त्यामुळे रानात वाढलेला, शिकार येणारा चित्ता पकडायचा आणि त्याला माणसाळवायचं. रात्रंदिवस त्याच्याजवळ बसायचं, त्याच्याशी बोलायचं, हाताने खायला घालायचं. या कामात राजापेक्षा चित्तेवानाचा शब्द मोठा असणार, हे उघड आहे.

पारध आणि पारधी

शिकारीला जुना मराठी शब्द आहे पारध. त्यावरूनच पारधी. राजाची पारध हा शौक होता, तर फासेपारध्यांची पारध हे पोट होतं.

त्यांची हत्यारं म्हणजे फासे, जाळी आणि कमालीचा संयम. तित्तर पकडायची त्यांची एक रीत बघा. वसंतात नर तित्तर आपल्या हद्दीबद्दल फार हळवा असतो. दुसऱ्या नराचा आवाज आला की भांडायला धावून येतो. पारधी पाळीव तित्तर पिंजऱ्यात घालून रानात ठेवतो, भोवती फासे लावतो आणि झुडपाआड बसतो. पिंजऱ्यातला पक्षी ओरडतो, रानातला उत्तर देतो, जवळ येतो आणि फाशात अडकतो. दुसरी रीत आणखी अजब. शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालायचा आणि त्याच्या आडोशाने चालायचं. चरणारं जनावर बघून तित्तर उडत नाहीत, फक्त हळूहळू पुढे सरकतात. सरकत सरकत नेमके फाशांच्या रांगेत.

राजाची बैलगाडी आणि पारध्याची गाय. युक्ती एकच आहे. जनावराला कशाची भीती वाटत नाही हे ओळखायचं आणि त्याच्या मागे लपायचं. कायद्याच्या नजरेत मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याने देशभरात एकेक जमात जन्माने गुन्हेगार ठरत गेली आणि त्यात पारधीही आले. माग काढणं, दबा धरणं, रात्री रानात फिरणं ही राजेरजवाड्यांची मर्दुमकी. तेच पारध्याने केलं की चोराची लक्षणं.

शाहूंनी फासेपारध्यांना आपल्या सोनतळीच्या कॅम्पवर आणून वसवलं. हा कॅम्प कोल्हापूरजवळ, पंचगंगेपलीकडे. तिथे महाराज स्वतः बरेचदा मुक्कामी असत. तिथल्या पहाऱ्याचं काम त्यांनी पारध्यांना दिलं. ज्यांच्या भीतीने लोक पहारे बसवत, त्यांनाच राजाच्या मुक्कामाचा पहारा. आजही हा निर्णय धाडसाचा वाटतो. शिकारी राजाला या माणसांच्या नजरेची आणि कानांची किंमत कळली नसती तरच नवल.

त्या काळी काही जातींच्या लोकांना गावात रोज पोलीस पाटलापुढे जाऊन हजेरी द्यावी लागे. दुसऱ्या गावी जायचं तर सांगून जायचं. 1918 साली शाहूंनी आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. महार वतनं रद्द करून लोकांना वेठबिगारीतून सोडवण्याचा हुकूमही त्याच वर्षीचा.

पण 1918 हे वर्ष महाराजांसाठी आणखी एका कारणाने न विसरता येणारं ठरलं.

12 जून 1918

शाहू महाराज आणि लक्ष्मीबाई यांना दोन मुलगे. थोरले राजाराम, 1897 चे. धाकटे शिवाजी, 1899 चे. दोघेही वडिलांसारखेच घोड्यावर आणि शिकारीत रमणारे.

घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार हा तेव्हाच्या राजेलोकांचा आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता खेळ. खेळ म्हणायचं, पण जीव धोक्यात घालणारा. हाकारे आरडाओरडा करत झाडीतून डुकराला बाहेर काढतात. ते मोकळ्या रानात येईपर्यंत स्वारांनी थांबायचं आणि मग भरधाव पाठलाग. रानडुक्कर पळताना अचानक काटकोनात वळतं. कधी उलटं फिरून थेट घोड्यावर चाल करून येतं. स्वाराची नजर डुकरावर असते, जमिनीवर नसते. एखादा खड्डा, एखादं बीळ, एखादा ओघळ आणि घोडा कोसळला की भाला हातात असलेला माणूस कुठे आणि कसा पडेल याचा नेम नाही.

12 जून 1918 रोजी रानडुकराच्या शिकारीत राजपुत्र शिवाजी घोड्यावरून पडले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय 19.

त्यांचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पत्नी इंदुमतीदेवी सासवडच्या जगताप घराण्यातल्या. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या.

मुलगा गेला तो कुठल्या आजाराने नाही, रणांगणावर नाही. ज्या छंदात बापाने उभं आयुष्य काढलं, जो त्यानेच मुलांच्या हाती दिला, त्या छंदात गेला. शाहू या धक्क्यातून पूर्ण सावरले नाहीत, असं त्यांचे चरित्रकार लिहितात.

अकरा वर्षांची सून

राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढचं आयुष्य तेव्हा ठरलेलं असे. पडदा, सोवळं, एका खोलीतले दिवस. शाहूंनी आदल्याच वर्षी, 1917 मध्ये, विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. पण कायदा प्रजेसाठी करणं वेगळं आणि स्वतःच्या घरात रीत मोडणं वेगळं.

त्यांनी इंदुमतीदेवींना शिकवायचं ठरवलं. राजवाड्यातून याला विरोध झाला. तेव्हा त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था राजवाड्याबाहेर, सोनतळीला केली. हो, तोच कॅम्प, ज्याच्या पहाऱ्यावर फासेपारधी होते. बरोबर शिकायला मुली दिल्या, शिक्षक नेमले आणि अभ्यास कसा चाललाय याकडे स्वतः लक्ष ठेवलं. सुनेने डॉक्टर व्हावं, इथपर्यंत त्यांची स्वप्नं गेली होती.

शिकार मात्र त्यांनी सोडली नाही. इथे आजच्या वाचकाला अडखळायला होतं. ज्या खेळाने मुलगा नेला, त्या खेळाला हा माणूस पुन्हा कसा गेला? याचं सोपं उत्तर नाही आणि उगाच त्यांच्या मनात शिरण्यात अर्थ नाही. पण एवढं दिसतं, की राजवाड्याबाहेरचं त्यांचं जग बऱ्याच अंशी शिकारीच्या मुक्कामांवरच उभं होतं. दरबारी रिवाज तिथे सैल व्हायचे आणि शेतकरी, धनगर, हाकारे यांची गाठ थेट पडायची. मुलगा जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ते पुन्हा रानात होते. माणगावला आले ते याच शिकारीवरून.

रानं राहिली, राजे गेले

6 मे 1922 रोजी मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर शाहू महाराजांचं निधन झालं. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दीड-पावणेदोन महिन्यांवर होता.

राजाराम महाराज गादीवर आले आणि चित्त्यांचा शौक चालूच राहिला. भारतात चित्ते मिळेनासे झाले होते, म्हणून ते आफ्रिकेतून आणले जाऊ लागले. कोल्हापूर आणि भावनगर, म्हणजे दोन जुन्या मित्रांची संस्थानं, या बाबतीत शेवटपर्यंत नावाजलेली होती. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी 1871 च्या कायद्याचा वारसा सांगणारा गुन्हेगार जमाती कायदाही रद्द झाला आणि पारधी कागदावर तरी मोकळे झाले.

पश्चिमेकडे भोगावती नदीवर शाहूंनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान असलेल्या दाजीपूरला 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य घोषित करण्यात आलं. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. क्षेत्र सुमारे 351 चौरस किलोमीटर. 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. दाजीपूरला जाऊन गव्याचा फोटो टाकणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसतं, की हे रान टिकलं त्यामागे एक विचित्र कारण आहे. राजाच्या बंदुकीसाठी ते राखून ठेवलं होतं.

आणि सोनतळीची ती मुलगी? सासरे गेल्यावरही इंदुमतीदेवींनी शिक्षण सोडलं नाही. डॉक्टर होणं राहून गेलं, पण त्या मॅट्रिक झाल्या. पुढे कोल्हापुरात मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था उभ्या केल्या. 1971 मध्ये त्यांचं निधन झालं. शिवाजीराजे गेल्यानंतर त्या 53 वर्षं जगल्या.