विषाला विष म्हणणारी रेचेल

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं आणि सासर नांदेडचं. दरवर्षी पंचमीला माहेरी गेले की शिवारात फवारणीची धांदल असते. भाऊ पाठीला पंप अडकवतो, वहिनी हंड्याने पाणी आणून देते, औषध कालवून देते. संध्याकाळी भावाचे कपडे ती लेकरांच्या कपड्यांबरोबरच धुते. एकदा स्वयंपाकघरात गेले तर चुलीजवळ एक बाटली दिसली. छान धुऊन त्यात रॉकेल भरून ठेवलेलं. वहिनीला विचारलं की ही बाटली कशाची गं, तर म्हणाली औषधाची.

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच असं म्हणतो. पिकावर औषध मारलं, औषध आणलं, औषधाचा वास येतोय. लेकराला ताप आला तर औषध आणि कपाशीवर अळी पडली तरीही औषध! ज्या वस्तूचं नावच इतकं प्रेमळ, तिची भीती कशी वाटणार? त्या दिवशी मला एका बाईची फार आठवण झाली. ती आपल्या मुलखाची नाही, आपल्या काळातलीही नाही. पण या औषधाला विष म्हणायचं धाडस तिने केलं आणि त्याची किंमतही मोजली. तिचं नाव रेचेल कार्सन.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नदीकाठी स्प्रिंगडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. तीन भावंडांत ती शेंडेफळ. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. लग्नानंतर नोकरी सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. ती या धाकट्या लेकीला घेऊन रानात हिंडायची, पक्षी ओळखायला शिकवायची, घरट्याला हात लावू नकोस म्हणून सांगायची. घरची परिस्थिती बेताची. लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी मारियाने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, घरातली चांगली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. लेकीच्या शिक्षणासाठी डाग मोडणारी आई आपल्याकडेही असतेच की!

रेचेलला लहानपणापासून लेखिका व्हायचं होतं. दहा-अकरा वर्षांची असतानाच मुलांच्या एका मासिकात तिची गोष्ट छापून आली. कॉलेजात तिने इंग्रजी साहित्य घेतलं, पण मध्येच जीवशास्त्राची गोडी लागली आणि विषय बदलला. त्या काळी मुलींनी विज्ञान शिकावं असं फारसं कुणाला वाटत नसे. तरी १९३२ मध्ये तिने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी मिळवली. पुढे डॉक्टरेट करायची इच्छा होती, पण घरात पैसा नव्हता. १९३५ मध्ये वडील वारले आणि घराचा भार तिच्यावर आला. दोनच वर्षांनी मोठी बहीण दोन मुली मागे ठेवून गेली. त्या दोघींनाही रेचेलने आणि तिच्या आईने सांभाळलं. लग्न तिने केलं नाही, पण संसार मात्र तिला चुकला नाही.

सरकारच्या मत्स्य खात्यात तिला नोकरी मिळाली. माशांवर रेडिओसाठी लिहायचं, माहितीपत्रकं तयार करायची. खात्यातले शास्त्रज्ञ जे लिहीत ते सामान्य माणसाला कळत नसे. रेचेल तेच अशा भाषेत लिहायची की कुणालाही वाचावंसं वाटावं. रात्री घरचं आवरून ती स्वतःचं लिहीत बसायची. पहिलं पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि महायुद्धाच्या गडबडीत बुडालं. पण १९५१ मध्ये समुद्रावरचं दुसरं पुस्तक आलं आणि ती एकदम प्रसिद्ध झाली. ८६ आठवडे ते सर्वाधिक खपाच्या यादीत होतं. पुढच्या वर्षी तिने नोकरी सोडली. आता समुद्रकाठी राहायचं आणि लिहायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं.

पण १९५७ मध्ये भाचीही गेली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला. पन्नाशीला आलेल्या रेचेलने त्याला दत्तक घेतलं. एकीकडे म्हातारी आई, दुसरीकडे हे लेकरू. अशा घरात १९५८ च्या जानेवारीत एक पत्र येऊन पडलं.

पत्र ओल्गा हकिन्स या तिच्या ओळखीच्या बाईचं होतं. ओल्गाच्या घराभोवती पक्ष्यांसाठी राखलेली जागा होती. आदल्या उन्हाळ्यात डास मारण्यासाठी विमानातून डीडीटी फवारलं गेलं आणि तिच्या अंगणात पक्षी मरून पडले. तिला कुणी विचारलं नव्हतं, काय फवारणार आहोत तेही कुणी सांगितलं नव्हतं. जागा तिची, अंगण तिचं, पण त्यावर काय पडणार हे ठरवणारे भलतेच.

डीडीटी म्हणजे त्या काळातलं मोठं नवल होतं. महायुद्धात सैनिकांच्या उवा त्याने मारल्या, टायफसची साथ आटोक्यात आणली. आपल्याकडेही १९५३ पासून हिवतापाविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमेत घरांच्या भिंतींवर ते फवारलं गेलं आणि हिवताप खूप कमी झाला. हा उपकार रेचेलने कधी नाकारला नाही. रसायनं वापरूच नका, असंही ती म्हणाली नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. यात काय आहे, ते पुढे कुठे जातं, आणि ज्यांच्या अंगावर ते पडणार त्यांना हे कुणी सांगितलं आहे का?

चार वर्षं ती कागदपत्रं गोळा करत होती. डॉक्टरांना, शास्त्रज्ञांना, सरकारी अधिकाऱ्यांना पत्रं लिहीत होती. त्यातून जे समोर आलं ते भयंकर होतं. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. झाडावर फवारलं की पानं गळतात, ती पानं गांडुळं खातात, गांडुळं पक्षी खातात आणि प्रत्येक पायरीला विष वाढत जातं. फवारणी झालेल्या गावांत म्हणूनच वसंत आला तरी पक्ष्यांचा आवाज येईना. आणि हे विष आईच्या दुधातही सापडलं होतं. मैत्रिणींनो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

या चार वर्षांत तिच्या घरी काय चाललं होतं? १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. आणि १९६० च्या वसंतात रेचेलच्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. हा कॅन्सर आहे का, असं तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, पण त्यांनी खरं सांगितलं नाही. बाईमाणूस, उगाच घाबरेल, असा त्या काळचा रिवाज होता. त्यामुळे पुढचे उपचार वेळेवर झाले नाहीत. वर्ष संपता संपता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा कुठे खरं कळलं, तोवर आजार पसरायला लागला होता.

बघा, लोकांना खरं सांगा म्हणून जी बाई दिवसरात्र खपत होती, तिच्याच शरीरातलं खरं तिच्यापासून लपवलं गेलं होतं! मला वाटतं, न सांगण्याने माणसाचं काय होतं हे तिला आता पुस्तकातून शिकायची गरज उरली नव्हती.

तरी ती लिहीत राहिली. डोळ्यांना असा त्रास झाला की कित्येक दिवस वाचता येईना, मग सहायक बाई वाचून दाखवायची आणि ही ऐकून दुरुस्त्या सांगायची. अखेर १९६२ च्या सप्टेंबरात 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं. मुका झालेला वसंत, असा त्याचा अर्थ.

आणि मग वादळ उठलं. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. कंपन्यांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध प्रचाराची मोहीमच काढली. ती भावनेच्या आहारी गेली आहे, तिला शास्त्र कळत नाही, ती कम्युनिस्ट आहे... काय काय नाही म्हटलं! लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची एवढी काळजी कशाला, असाही टोमणा मारला गेला. बाईने अवघड प्रश्न विचारला की उत्तर देण्याऐवजी तिचं घर, तिचं लग्न, तिचं डोकं काढायचं, ही रीत सगळ्या जगात सारखीच दिसते.

रेचेलने भांडण केलं नाही. पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून जास्त पानं तिने नुसत्या पुराव्यांच्या यादीला दिली होती, तेच तिचं उत्तर. आजार मात्र तिने जगापासून लपवला, कारण ही आजारी आहे म्हणून असं लिहिते, असं कुणी म्हणायला नको होतं. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी शास्त्रज्ञांची समिती नेमली. १९६३ च्या मे महिन्यात समितीचा अहवाल आला आणि तिचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. जूनमध्ये ती सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेली. चालणंही जड झालं होतं. तिथे तिने मागितलं काय? तर दुसऱ्याने सोडलेल्या विषापासून स्वतःच्या घरात सुरक्षित राहण्याचा नागरिकाचा हक्क. १४ एप्रिल १९६४ ला ती गेली. वय फक्त ५६. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, ते बघायला ती नव्हती. आपल्याकडे शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेची गोष्ट आम्हाला कशाला? तर जरा आपल्याकडे बघू या. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या कारखान्यातून वायू सुटला, तो कारखानाही कीटकनाशकाचाच. भोवतालच्या वस्तीला आत काय साठवलंय हे ठाऊक नव्हतं. ओलं फडकं तोंडाला धरायचं आणि वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, एवढी साधी गोष्ट सांगितली असती तरी कितीतरी जीव वाचले असते. त्यानंतरच आपले कायदे बदलले. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्याने आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती द्यावी, असं कारखाने कायद्यात आलं.

आणि २०१७ तर कालपरवाचं. नांदेडच्या किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर ना हातमोजे ना मास्क. डॉक्टरांना उपचारासाठी विषाचं नाव लागतं, पण अशा वेळी घरच्या बाईने कोणतं नाव सांगायचं? तिला कुणी ते वाचून दाखवलेलंच नसतं.

आमच्या बचत गटाचाही एक अनुभव सांगते. एका गावाच्या ओढ्याला काळपट पाणी येऊ लागलं, घाण वास सुटला. धुणं धुणाऱ्या बायकांच्या हाताला खाज सुटली. आम्ही एका कार्यालयात गेलो, तर तुमचा काय संबंध असं विचारून वाटेला लावलं. मग २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला. पहिल्या अर्जाला अर्धवट उत्तर आलं, अपील केलं तेव्हा पाणी तपासणीचा कागद मिळाला. मिळाला खरा, पण त्यात नुसते आकडे! कुणाला काही उमगेना. शेवटी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी समजावलं की बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो त्याचं माप. नदीत आंघोळ करायची तर हा आकडा तीनच्या आत हवा. आमच्या ओढ्याचा त्याच्या कितीतरी पट होता. तो कागद ग्रामसभेत वाचला आणि पहिल्यांदाच गावातले पुरुषही गप्प बसून ऐकत राहिले. ओढा अजून पूर्ण स्वच्छ झालेला नाही, पण आता विचारणारं कुणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी मला रेचेलचं खरं काम कळलं. माहिती मिळणं ही अर्धीच गोष्ट. ती आपल्या भाषेत कळणं ही उरलेली अर्धी. तिने ती उरलेली अर्धी पूर्ण केली.

म्हणून आता आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं वाचतो. लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा आहे म्हणून प्यायला चालतं असं मात्र नाही हं! फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, बाटली घरात वापरायची नाही, आणि कुणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर लेबल दवाखान्यात न्यायचं. नवीन मोठा कारखाना येणार असेल तर पेपरात जनसुनावणीची नोटीस येते, निदान तीस दिवस आधी. ती आपणही वाचायची आणि सुनावणीला जायचं. तिथे बायका दिसत नाहीत, म्हणून तर पाण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही.

वहिनीच्या चुलीजवळची ती बाटली मी त्याच दिवशी उचलली. वहिनीला राग आला, चांगली बाटली फेकतेस म्हणाली. मग मी तिला लेबलवरचा लाल त्रिकोण दाखवला आणि तिथलं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मात्र यंदा पंचमीला गेले तेव्हा तिने भावाचे फवारणीचे कपडे गोठ्याजवळ वेगळ्या बादलीत भिजवले होते. आणि शेजारच्या मावशींना सांगत होती, त्याला आता औषध म्हणायचं नाही म्हणून.