पुसलेल्या पानांचा चित्रकार

कोलाज म्हटले की कात्री, डिंक आणि रंगीत कागदाचे कपटे डोळ्यांसमोर येतात. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी परदेशात राहून जे केले ते याच्या शेजारचे, पण उलटे. चिकटवण्याऐवजी ते पुसत. गुळगुळीत मासिकांच्या पानांवर रसायन लावून छापील शाई ढिली करीत आणि विरघळलेल्या चित्रांच्या डागांतून आपली माणसे काढीत.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ चा, गोव्यातील साळगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता. मूल तीन महिन्यांचे असताना वडील वारले, पुढे बहीणही गेली. देवीच्या आजारातून हा मुलगा वाचला म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरचे नाव त्याच्या नावाला जोडले. मग ती मुंबईला आली आणि शिवणकाम-भरतकामावर तिने त्याला वाढवले. शाळेने त्याला काढून टाकले. नंतर ‘चले जाव’ चळवळीपायी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनही नाव कमी झाले.

हे दोन्ही प्रसंग लोक बंडखोरी म्हणून कौतुकाने सांगतात. माझे मन मात्र त्या आईच्या सुईपाशी अडते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चाकणच्या एका कारखान्यासाठी गाड्यांची सीटकव्हरे नगावर शिवते. फी भरायच्या महिन्यात यंत्र रात्री बारापर्यंत चालते. मी वाचले त्यात सूझांच्या आईच्या वाट्याला दोनच ओळी आल्या, आणि मला त्याचा राग आला.

१९४७ साली रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या विदर्भाचे गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ साली ते लंडनला गेले. पहिली वर्षे ओढगस्तीची होती. १९५५ च्या गॅलरी वनमधील प्रदर्शनाने नाव झाले. लंडनमध्ये बसून त्यांनी रंगवले काय, तर लहानपणी गोव्याच्या चर्चमध्ये पाहिलेले ख्रिस्त आणि संत, जाड काळ्या रेषांत! त्यांतला १९५९ चा क्रूसावरचा ख्रिस्त आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १९६७ साली ते न्यूयॉर्कला गेले.

माझा भाऊ पॅकिंग खात्यात आहे. परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांच्या खोक्यांत ठासलेले छापील कागद तो घरी आणतो. फडताळात अंथरायला बरे पडतात. त्यांतले एक रंगीत पान मी थिनरच्या बोळ्याने पुसून पाहिले. मोटारीपाशी हसणारी गोरी बाई विरघळली, पण तिच्या ओठांचा लाल डाग काही केल्या जाईना. मग तो डाग तसाच ठेवून त्यावर बॉलपेनने आईची यंत्रावर वाकलेली पाठ काढली. पाठ बरी जमली नाही, पण सूझांची रीत हाताला कळली. परका छाप पुरता पुसला जात नाही, आणि तो तसा उरतो म्हणूनच वर काढलेली रेषा जिवंत वाटते.

त्यांचे १९५५ चे ‘बर्थ’ हे चित्र २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांच्या वर गेले. मासिकांच्या पानांना असे भाव येत नाहीत. तरी मला तीच अधिक आवडतात. त्यांना कॅनव्हास विकत आणावा लागत नाही.

२८ मार्च २००२ रोजी सूझा मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे.